अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी: ओळखायला शिकण्याची पायरीवार पद्धत

ओळीत ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘नव्हे’ दिसला की अपन्हुती. बहुतेक जण अलंकार असेच शिकतात. पाठ केलेल्या उदाहरणांपुरतं हे चालून जातं, पण नवी ओळ समोर आली की गाडी अडते. एक तर ओळखीचा शब्द सापडत नाही, किंवा सापडतो आणि उत्तर चुकतं. अभ्यास कमी पडला असं यात क्वचितच असतं, उलटा असतो तो कामाचा क्रम. नाव आधी शोधलं जातं आणि अर्थ नंतर, तोही वेळ उरला तर.

इथे क्रम सुलट लावला आहे. आधी ओळीचा सरळ अर्थ, मग गंमत शब्दात आहे की अर्थात ते, मग कशाची तुलना कशाशी, मग त्या दोघांतलं नातं, आणि या सगळ्यानंतर नाव. उदाहरणं मुद्दाम नवी केली आहेत, म्हणजे पाठांतराचा आधार मिळणार नाही.

तयारी: सुरुवात करण्याआधी

एक वही घ्या आणि तिच्या पानाचे उभे तीन भाग करा: मूळ ओळ, तिचा साध्या गद्यातला अर्थ, आणि नाव. नावाचा रकाना सगळ्यात उजवीकडे आणि अरुंद ठेवा. मधला रकाना रिकामा असेल तर उजवीकडे काहीही लिहायचं नाही, हा नियम स्वतःला लावून घ्या. सुरुवातीला जाच वाटेल, पण अर्ध्या चुका याच नियमाने थांबतात.

किती अलंकार शिकायचे, हेही आधीच ठरवून टाका. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे ग्रंथागणिक यादी वाढत शंभराच्या पलीकडे गेली. नवशिक्याने त्या यादीच्या मागे लागू नये. शब्दालंकारांपैकी तीन (अनुप्रास, यमक, श्लेष) आणि अर्थालंकारांपैकी सोळा-सतरा नीट समजले, तर शाळा, स्पर्धा परीक्षा आणि रोजचं वाचन यांना ते पुरतात.

व्याख्या पाठ करू नका असं मी म्हणणार नाही. परीक्षेत त्या लिहाव्याच लागतात. फक्त आठ-दहा उदाहरणं स्वतः उलगडून झाल्यावर पाठ करा. तोवर व्याख्येतला प्रत्येक शब्द तुमच्या ओळखीचा झालेला असतो.

टप्पा १: ओळीत खरं काय घडलं, ते गद्यात लिहा

कवितेत शब्दांचा क्रम बदललेला असतो. म्हणून पहिलं काम अन्वय लावण्याचं: कर्ता कोण, क्रियापद कोणतं, विशेषण कुणाचं. ते झालं की एकच प्रश्न विचारा: प्रत्यक्षात काय झालं?

‘काजळ ल्यालेली रात्र दाराशी येऊन बसली.’ प्रत्यक्षात काय झालं? अंधार पडला. बस्स. मधल्या रकान्यात एवढंच लिहायचं. ‘रात्र सजून आली’ असं लिहिलंत, तर तुम्ही कवीचेच शब्द फिरवून लिहिले, अर्थ लिहिला नाही.

घडलं ते आणि सांगितलं ते, या दोन्हींतलं अंतर म्हणजे तुमचा कच्चा माल. वरच्या ओळीत रात्रीने काजळ घातलं, रात्र चालत आली, रात्र बसली, या तिन्ही गोष्टी प्रत्यक्षात झालेल्या नाहीत. अलंकार शोधायचा तो या तीन जागी. दार खरंच दार आहे, तिथे काही शोधू नका.

पडताळा: तुमचा गद्य अर्थ कविता न वाचलेल्या माणसाला ऐकवा. त्याला लगेच कळला, तर बरोबर. ‘म्हणजे काय?’ असं त्याने विचारलं, तर अलंकार अजून तुमच्या अर्थातच अडकलेला आहे.

टप्पा २: अर्थ मोडतो की टिकतो, ते पाहा

अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्तींचं प्रकरण बरेच जण अलंकारांपासून वेगळं शिकतात आणि मग दोन्हीकडे गोंधळतात. या टप्प्यावर ते घेतलं तर पुढचं सोपं जातं.

शब्दाचा नेहमीचा, सरळ अर्थ देणारी ती अभिधा. लक्षणा आणि व्यंजना यांची मात्र कायम अदलाबदल होते. त्यासाठी एक कसोटी पुरते: सरळ अर्थ मोडतो का?

‘भाषण संपताच सारं सभागृह उभं राहिलं.’ भिंती-छपराची इमारत उभी राहणार कशी? सरळ अर्थ मोडला, म्हणून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घ्यावा लागला: सभागृहातली माणसं. ही लक्षणा.

‘नऊ वाजले,’ असं घरचा माणूस घड्याळाकडे बघत पाहुण्याला म्हणतो. सरळ अर्थ पूर्ण शाबूत आहे, नऊ खरोखरच वाजले आहेत. पण त्याच्या मागून ‘आता निघा’ असा दुसरा अर्थ उमटतो. ही व्यंजना. हेच वाक्य स्टेशनवर ऐकलं तर ‘गाडीला उशीर झाला’, अभ्यासाला बसलेल्या मुलाने ऐकलं तर ‘आता पुरे’. ऐकणारा आणि प्रसंग बदलला की व्यंग्यार्थ बदलतो. लक्षणेचा अर्थ असा माणसागणिक बदलत नाही.

सावधान: वाक्प्रचार दिसला की अलंकार लिहू नका. ‘पोटात कावळे ओरडू लागले’ किंवा ‘डोळे पांढरे झाले’ यांतली लक्षणा रूढ होऊन झिजलेली आहे. कवीने त्या वाक्प्रचाराशी नवा खेळ केला असेल तरच थांबा.

टप्पा ३: गंमत शब्दात की अर्थात?

इथे जुन्या शास्त्रातलीच कसोटी वापरायची. महत्त्वाच्या शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द ठेवा. गंमत गेली, तर शब्दालंकार. राहिली, तर अर्थालंकार.

‘गर्द गवतातून गार गंध गेला.’ ‘गंध’च्या जागी ‘वास’ आणि ‘गार’च्या जागी ‘थंड’ ठेवलं की ओळ विस्कटते. ‘ग’च्या पुनरावृत्तीवर ती उभी होती. हा अनुप्रास.

अनुप्रास कानाने ओळखायचा असतो, डोळ्यांनी नव्हे. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांना प्रत्येकी अक्षर एकच असलं तरी प्रत्येकाचे उच्चार दोन आहेत. ‘चाक, चूक, चमचा’ यांतला ‘च’ वेगळा आणि ‘चंद्र, चिमणी, चिखल’ यांतला वेगळा. पानावर पाच ‘च’ दिसले तरी कानाला दोनच जुळत असतील, तर अनुप्रास तेवढाच. ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय अनुप्रासाचा निर्णय घेऊ नये.

यमकात पुनरावृत्तीला जागा ठरलेली असते. चरणाच्या शेवटी किंवा अशाच एखाद्या ठरावीक ठिकाणी अक्षरांचा गट परत येतो आणि त्याचा अर्थ वेगळा असतो. तोच शब्द त्याच अर्थाने ओळीच्या शेवटी परत आला, तर ती नुसती पुनरुक्ती झाली. गझलेतला रदीफ असा परत येतो; त्याला यमक म्हणणं चूक.

श्लेष हा या तिघांतला सर्वांत मजेचा आणि सर्वांत जास्त चुकणारा. एकच शब्द एकाच जागी दोन अर्थ देतो आणि वाक्य दोन्ही अर्थांनी उभं राहतं. ‘विहीर आटली आणि गावाचं जीवन संपलं.’ जीवन म्हणजे पाणी, जीवन म्हणजे जगणंही. ‘पाणी संपलं’ असं लिहा, एक अर्थ लगेच गळून पडतो.

श्लेषात व्याकरण तपासायला विसरू नका. ‘हार’ या शब्दाला गळ्यातला हार आणि पराभव असे दोन अर्थ आहेत, पण पहिला पुल्लिंगी आणि दुसरा स्त्रीलिंगी. ‘त्याच्या वाट्याला हार आला’ म्हटलं की पराभव वाक्यातून बाहेर गेला, श्लेष उरला नाही. ‘मान’चंही तेच: तो मान म्हणजे सन्मान, ती मान म्हणजे गळा. शब्दकोशात दोन अर्थ सापडणं पुरेसं नाही, ते दोन्ही याच वाक्यात, याच लिंगवचनात बसले पाहिजेत.

आणखी एक फरक. शब्द दोनदा येऊन दोन वेगळे अर्थ देत असेल, तर तिथे श्लेष नाही. जागा ठरलेली असेल तर ते यमक होईल. श्लेषात शब्द एकदाच येतो.

टप्पा ४: चार भाग वेगळे करा

अर्थालंकार आहे एवढं ठरलं की साम्य दाखवलं आहे का ते पाहा. असेल तर चार भाग सुटे करायचे. ‘तिचं हसणं पहाटेच्या उन्हासारखं कोवळं होतं.’ ज्याच्याविषयी बोलायचं आहे ते उपमेय: हसणं. ज्याची उपमा दिली ते उपमान: पहाटेचं ऊन. दोघांत सारखं असलेलं ते साधर्म्य: कोवळेपणा. आणि ते दाखवणारा साम्यवाचक शब्द: सारखं. चारही असले की पूर्णोपमा. एखादा भाग गाळलेला असला की लुप्तोपमा. ‘पाण्यासारखा स्वभाव’ यात साधर्म्य सांगितलेलं नाही. निर्मळ, की वाहता, की कुठल्याही भांड्याचा आकार घेणारा, हे आसपासच्या ओळींवरून ठरवायचं.

सगळ्यात मोठा घोटाळा उपमेय आणि उपमान यांच्या अदलाबदलीचा. वाक्यात आधी आलेलं ते उपमेय असा समज असतो, नाही तर क्रियापदाचा कर्ता तो उपमेय असं धरलं जातं. दोन्ही चूक. ‘चांदण्याचा शिडकावा व्हावा तशी तिची हाक आली’ यात चांदणं आधी आलं आहे, पण बोलणं हाकेविषयी चाललं आहे. प्रश्न एवढाच विचारा: कवीच्या समोर प्रत्यक्ष काय आहे? समोर आहे ते उपमेय, मनात आठवलं ते उपमान. टप्पा १ मधला गद्य अर्थ इथे कामाला येतो. त्यात जे उरलं ते उपमेय, गळालं ते उपमान.

सावधान: ‘सारखा’ असूनही उपमा नसते अशी वाक्यं रोज बोलली जातात. ‘हा मुलगा त्याच्या भावासारखा उंच आहे.’ एकाच जातीच्या दोन गोष्टींची ही मोजदाद आहे, कल्पनेला इथे काही काम नाही. उपमेय आणि उपमान वेगवेगळ्या जगांतले असावे लागतात. ‘हा रस्ता त्या रस्त्यापेक्षा लांब आहे’ हा व्यतिरेक (उपमेय उपमानापेक्षा वरचढ दाखवणारा अलंकार) नाही, तोही याच कारणाने.

टप्पा ५: दोघांतलं नातं ठरवा

हा टप्पा सावकाश करा. साम्यावर उभे असलेले बहुतेक अलंकार म्हणजे उपमेय-उपमानाच्या नात्याच्या पायऱ्या आहेत. एकच जोडी घेऊन चढत गेलं की फरक आपोआप दिसतो. आपण वीज आणि तलवार घेऊ. वीज उपमेय, तलवार उपमान.

‘वीज तलवारीसारखी लखलखली.’ दोघी सारख्या आहेत, पण दोन आहेत. उपमा.

‘वीज लखलखली, जणू आकाशाने तलवारच उपसली.’ ही तलवार नाही हे कवीला ठाऊक आहे, तरी ती तलवारच असावी अशी कल्पना तो करतो. उत्प्रेक्षा. जणू, जणू काय, गमे, वाटे, भासे हे तिचे नेहमीचे शब्द.

‘विजेच्या तलवारीने आभाळ चिरलं.’ आता ‘जणू’ही गेलं. वीज हीच तलवार. रूपक.

‘ही वीज नव्हे, ही तर आकाशाने उपसलेली तलवार!’ उपमेय नाकारलं आणि त्याच्या जागी उपमान बसवलं. अपन्हुती.

‘ही वीज म्हणावी की तलवार?’ निर्णय लागलेला नाही. ससंदेह.

‘वीज चमकताच तलवार समजून त्याने ढाल पुढे केली.’ इथे निर्णय लागला आहे, पण चुकीचा, आणि त्या चुकीवर विसंबून कृतीही झाली. भ्रांतिमान.

‘तलवार परजल्याशिवाय झळकत नाही, वीज मात्र न परजताच झळाळते.’ उपमेय उपमानापेक्षा वरचढ ठरलं. व्यतिरेक.

‘विजेसारखी वीजच.’ उपमान सापडलंच नाही, म्हणून उपमेयाला स्वतःचीच उपमा. अनन्वय.

हा जिना एकदा स्वतः, वेगळी जोडी घेऊन लिहून काढा. डोळे आणि तळं, मन आणि पाखरू, शब्द आणि बाण, काहीही चालेल. जोडी बदलायची, पायऱ्या त्याच ठेवायच्या. एवढं एक काम मनापासून केलं तर बाकीच्या लेखाशिवायही बरंच काही हाती लागेल.

आता नेहमीच्या फसगती.

‘जणू’ असूनही उत्प्रेक्षा नसते. ‘तू जणू ऐकलंच नाहीस असा वागतोस’ यात उपमानच नाही. ‘वाटतं’चंही तसंच: ‘पाऊस येईल असं वाटतं’ हा अंदाज आहे. आधी चार भाग सुटे करा, निदान उपमेय आणि उपमान हे दोन तरी मिळाले पाहिजेत. मग साम्यवाचक शब्दाकडे वळा.

उत्प्रेक्षा, ससंदेह आणि भ्रांतिमान यांत गोंधळ झाला तर पाहणाऱ्याच्या मनाची अवस्था विचारा. खरं काय ते ठाऊक असून कल्पना करतोय? उत्प्रेक्षा. ठरवता येत नाहीये? ससंदेह. चुकीचं ठरवून मोकळा झालाय? भ्रांतिमान. भ्रांतिमानात बहुतेक वेळा काहीतरी कृती असते: कुणी धावतं, कुणी दचकतं, कुणी चोच मारतं. ती दिसली की निर्णय सोपा होतो.

षष्ठीचा ‘चा-ची-चे’ दिसला की रूपक म्हणायची घाई करू नका. ‘विजेची तलवार’ हे रूपक, ‘विजेचा दिवा’ हे नाही. मधे ‘हीच’, ‘हाच’ किंवा ‘हेच’ घालून पाहा. ‘वीज हीच तलवार’ हे चालतं. ‘वीज हाच दिवा’ हे चालत नाही.

सामासिक शब्दांतही विग्रहच निर्णय देतो. ‘विद्याधन’ म्हणजे विद्या हेच धन: रूपक. ‘कमलनयन’ म्हणजे कमळासारखे डोळे असलेला: लुप्तोपमा. विग्रहात ‘हाच-हीच-हेच’ आला की रूपक, ‘सारखा’ आला की उपमा. समासाचं प्रकरण कच्चं असेल तर ते आधी पक्कं करा, नाही तर इथे अंदाजपंचे चालावं लागेल.

अपन्हुतीत नुसता नकार पुरत नाही. ‘हे काम सोपं नाही’ यात नाकारलं गेलं, पण त्या जागी काहीच बसवलं नाही. नकार आणि नव्याची स्थापना, दोन्ही हवीत.

कधी उपमेय पूर्णच गायब असतं: ‘आभाळात तलवार चमकून गेली.’ संस्कृत परंपरेत याला रूपकातिशयोक्ती म्हणतात. शालेय मराठी व्याकरणात तिचं नाव फारसं येत नाही, आधुनिक कवितेत मात्र असं बोलणं पानोपानी भेटतं.

पडताळा: साम्यवाचक शब्दावर बोट ठेवून तो झाका आणि ओळ पुन्हा वाचा. तरीही नातं सांगता आलं तर तुम्ही अर्थावरून ओळखताय. नाही आलं, तर जिना पुन्हा चढा.

टप्पा ६: जिथे तुलनेची जोडी नाही

उपमेय-उपमानाची जोडीच सापडत नसेल तर चारपैकी एक भागही शोधत बसू नका. दुसरे प्रश्न विचारा.

निर्जीव वस्तू माणसासारखी वागतेय का? ‘खिडकी रात्रभर रुसून बसली, उघडायचं नावच घेईना.’ चेतनगुणोक्ती. पण ‘रस्ता डोंगराकडे जातो’, ‘घड्याळ पुढे चालतं’ ही रोजची भाषा आहे. रस्त्यासाठी याहून साधं क्रियापद आपल्याकडे नाहीच. साधा शब्द उपलब्ध असताना कवीने सजीवाचा शब्द निवडला, तेव्हाच अलंकार.

बोलणं उलटं आहे का? ‘वा, काय ही तत्परता! आग विझून तास झाला आणि बंब दारात हजर!’ वरून स्तुती, आतून निंदा. व्याजस्तुती. वरून निंदा आणि आतून स्तुती असेल तरी नाव हेच.

वाक्य स्वतःलाच खोडतंय का? ‘त्याचं मौनच सगळ्यांत जास्त बोललं.’ दुसऱ्यांदा वाचल्यावर विरोध विरघळतो, म्हणून विरोधाभास. असंगती याच्या शेजारची. तिच्यात विरोध शब्दांचा नसतो, जागेचा असतो: कारण एकीकडे, परिणाम दुसरीकडे. ‘काटा त्याच्या पायात रुतला, पाणी तिच्या डोळ्यांत आलं.’

दृष्टांत आणि अर्थांतरन्यास ही जोडगोळी हमखास गुण घालवते. ‘मऊ शब्दांनी राग निवतो, सरींनी वणवा विझतो.’ दोन स्वतंत्र वाक्यं, दोन्ही एकाच पातळीवरची, एक दुसऱ्याचं प्रतिबिंब. मधे ‘त्याचप्रमाणे’ बसतं. हा दृष्टांत. ‘रात्रभर त्याने गाठोडं राखलं, पहाटे डोळा लागला आणि चोराने तेच नेलं; बेसावध क्षण एकच पुरतो.’ इथे पहिली गोष्ट एका माणसाची आणि शेवटचं विधान सर्वांना लागू होणारं. विशेषाला सामान्याचा किंवा सामान्याला विशेषाचा आधार मिळाला, की अर्थांतरन्यास. दोन्ही वाक्यांवर ‘एकाचं की सगळ्यांचं?’ असं लिहून ठेवा. उत्तरं वेगळी आली तर अर्थांतरन्यास, सारखी आली तर दृष्टांत.

अन्योक्तीत ज्याला बोलायचं आहे त्याचं नावच येत नाही. दगडाला, पाखराला, झाडाला उद्देशून बोललं जातं. ती ओळखायला ओळ पुरत नाही, संदर्भ लागतो. अतिशयोक्ती सगळ्यांना ओळखता येते, तिच्यावर वेळ घालवू नका. फक्त ‘हजारदा सांगितलं’सारखी बोलीतली फुगवण तिच्यात मोजू नका.

स्वभावोक्तीला लोक अलंकार मानायलाच तयार नसतात, कारण तिच्यात काहीच सजवलेलं नसतं. ‘मांजराने डोळे किलकिले केले, पुढचे पाय ताणले, शेपटीचं टोक हलवलं आणि त्याच जागी अंग मुडपून घेतलं.’ हालचालींची निवड इतकी नेमकी की मांजर दिसतं. ‘मांजर गुबगुबीत आणि गोंडस होतं’ हे नुसतं वर्णन झालं. माझ्या मते हा लिहायला सर्वांत अवघड अलंकार आहे.

सावधान: ‘या ओळीत करुण अलंकार आहे’ असं उत्तर दरवर्षी कुणीतरी लिहितंच. करुण, वीर, हास्य हे रस आहेत. स्थायीभाव, म्हणजे मनात मुळातच वसलेला भाव, जागा होऊन वाचकाला जो अनुभव येतो तो रस. अलंकार ही बोलण्याची तऱ्हा. वृत्त हे तिसरंच, लघु-गुरूंच्या किंवा मात्रांच्या बांधणीचं. प्रश्नात काय विचारलंय ते अधोरेखित करूनच पुढे जा.

टप्पा ७: आता नाव, आणि पूर्ण उत्तर

सगळे टप्पे एका कडव्यावर चालवून पाहू.

‘सांज नव्हे ही, कुणी विझवली शेकोटी मज दिसते;
राखेमध्ये उरली ठिणगी तारा होउन हसते.’

प्रत्यक्षात काय झालं? संध्याकाळ झाली आणि एक तारा दिसू लागला. शेकोटी, राख आणि ठिणगी या अर्थात उरल्या नाहीत, म्हणजे त्या उपमानाच्या बाजूला. ‘शेकोटी’च्या जागी ‘धुनी’ ठेवली तरी कल्पना टिकते, म्हणून अर्थालंकार. पहिल्या ओळीत सांज नाकारली आणि शेकोटी स्थापली: अपन्हुती.

दुसऱ्या ओळीत सापळा आहे. कर्ता ‘ठिणगी’ असल्यामुळे ती उपमेय वाटते. पण कवीच्या समोर आहे तारा, म्हणून तारा उपमेय आणि ठिणगी उपमान. दोन्ही एकरूप झाली आहेत, ‘सारखी’ नाही, ‘जणू’ नाही, नकारही नाही: रूपक. शिवाय हसणं हे सजीवाचं काम: चेतनगुणोक्ती. शेवटी ‘दिसते’ आणि ‘हसते’ यांत ‘सते’ ठरावीक जागी परत आलं आहे: यमक. दोन ओळींत चार अलंकार निघाले यात नवल नाही. असे अलंकार एकमेकांपासून सुटे दाखवता आले तर संसृष्टी, एकमेकांत मुरलेले असले तर संकर.

उत्तर लिहिताना क्रम असा ठेवा: मूळ शब्द, उपमेय-उपमान, त्यांचं नातं, नाव, आणि शेवटी त्यामुळे ओळीला काय मिळालं ते. हा शेवटचा भाग बहुतेक उत्तरांत ‘काव्याचं सौंदर्य वाढलं आहे’ या वाक्याने भरलेला असतो. ते कुठल्याही ओळीला लावता येतं, म्हणून ते काहीच सांगत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘संध्याकाळ नाकारून विझलेली शेकोटी दाखवल्यामुळे दिवसाचा शेवट आणि उरलेली थोडी ऊब या दोन्ही गोष्टी एकदम येतात.’ असं वाक्य फक्त याच कडव्याला लागू पडतं.

सराव कसा करायचा

पुस्तकातल्या क्रमाने सराव करू नका. उपमेच्या धड्याखालची सगळी उदाहरणं उपमेचीच असतात. तिथे ओळखायला काही उरतच नाही. वीस-पंचवीस ओळी चिठ्ठ्यांवर लिहा, नावं मागच्या बाजूला, आणि पिसून काढा. त्यांत चार-पाच ओळी अशा मिसळा की ज्यांत अलंकारच नाही. ‘सारखा’ आणि ‘जणू’ असलेली साधी वाक्यं यासाठी उत्तम. ‘इथे अलंकार नाही’ असं ठामपणे म्हणता येऊ लागणं ही मोठी मजल आहे.

मग स्वतः लिहा. एखादी ओळ उपमेत लिहा, तीच रूपकात फिरवा, मग अपन्हुतीत. सोबत्याला नाव न सांगता वाचायला द्या. त्याने वेगळं नाव घेतलं तर वाद घालण्याआधी दोघांनी आपापला मधला रकाना उघडून समोर ठेवा. बहुतेक वेळा नावापेक्षा गद्य अर्थच वेगवेगळे निघतात.

कधी मात्र गद्य अर्थ एकच असतो, उपमेय-उपमानही तीच, आणि तरी दोन नावं योग्य वाटतात. ‘दोघांतलं प्रमुख कोणतं?’ असं विचारा. ओळीतला जोर ज्या शब्दावर पडतो, त्या शब्दाचा अलंकार आधी लिहा, दुसऱ्याचं नाव त्याच्यामागे जोडा. परीक्षेत पर्याय दिलेले असतील तर त्यांतच उत्तर असतं. तिथे दुसरं नाव शोधण्यात वेळ घालवू नका.